पाणी वर चढेपर्यंत

९ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. इकडे कोणी आजारी नाही, कोणी पडलंझडलं नाही. फोनच करणार होतो, पण चाळीस वर्षं लिफ्टच्या मशीनरूममध्ये काढल्यावर माझ्या कानांचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानेच भरतो. मागे तुम्ही ‘गुडघे धरलेत’ म्हणालात आणि मी ‘अरे वा, अभिनंदन’ म्हणालो होतो. तेव्हा पत्रच बरं.

विषय अगदी किरकोळ आहे. सूनबाई सहा महिन्यांच्या बदलीवर गेली, तिचं ते गॅसवरचं कॉफीचं भांडं इथेच राहिलं. दुपारी ड्यूटीवरून आली की ती त्यात एस्प्रेसो करायची, एक कप तिला, एक मला. पहिल्यांदा दिली तेव्हा मला वाटलं खोकल्याचं औषध आहे. पण चार वर्षांत सवय लागली. आता चार वाजले की जीभ आपोआप वाट बघते.

म्हटलं, आपणच करू. भांडं उघडून पाहिलं. तीनच तर भाग. खाली पाण्याचं भांडं, मध्ये नळीची गाळणी, वर झाकणाचा चंबू. खालचं पाणी तापतं, वाफेचा दाब बसतो, पाणी नळीतून वर चढतं, वाटेत कॉफीतून जातं, वर जमा होतं. आयुष्यभर माणसं वर नेली, वाटीभर पाणी न्यायला काय लागतं? काठोकाठ पाणी भरलं, चमच्याच्या पाठीने कॉफी चांगली दाबून बसवली, गॅस मोठा केला. बाजूने फुस्स करून भिंतीवर पिचकारी उडाली. वर आली ती दोन चमचे काळी राळ, चव जळलेल्या रबराची. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उघडलं. वॉशर बिस्किटासारखा कडक झाला होता, तो बदलला. तरी तेच.

चिरंजीव म्हणाले, “कशाला उगाच, बाबा,” आणि आत निघून गेले.

तुम्ही तिच्या आई. तिला करताना पाहिलंच असेल. काय चुकतंय ते चार ओळींत कळवाल का? तिलाच विचारलं असतं, पण नव्या जागी ती कामात असणार. उगाच त्रास नको.

आपला,
लिफ्टवाला व्याही


२० जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र मिळालं. दचकू नका असं पहिल्याच ओळीत लिहिलंत त्यामुळे जास्तच दचकले.

कॉफीतलं मला कळतं असं नाही. मला चहा लागतो, तोही कपडे शिवता शिवता गार झालेला. पण आमच्या ठकीने, म्हणजे तुमच्या सूनबाईने, पहिली नोकरी लागल्यावर ते भांडं घेतलं तेव्हा महिनाभर माझ्या ओट्यावर तिचे प्रयोग चालले होते, तेवढं लक्षात आहे.

तर ऐका. खालच्या भांड्याला बाहेरून एक छोटं पितळी बटण आहे. तो वाफ सुटायचा व्हॉल्व्ह. पाणी त्याच्या खाली राहिलं पाहिजे, वर जाता कामा नये. पाणी आधीच गरम करून घ्या, म्हणजे ते तापेपर्यंत कॉफी भाजून निघत नाही. भुकटी दाबायची नाही. सपाट करायची आणि सोडून द्यायची. तुम्ही मेकॅनिक लोक जे दिसेल ते घट्ट करता. वरचा भाग मात्र घट्ट पिळा, फडक्याने धरून. गॅस अगदी बारीक. झाकण उघडं ठेवा आणि तिथेच उभे राहा. आधी मधासारखी दाट धार येते, मग रंग फिकट होतो. गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा आणि भांड्याचा तळ नळाखाली धरा. गुरगुरू दिलंत की कडू झालीच. आणि भांडं साबणाने घासू नका, नुसतं पाण्याने.

मागच्या पानावर चित्र काढलं आहे, म्हणजे घोटाळा नको.

ठकी मजेत आहे. काम खूप असतं म्हणते. मी अजून ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या टेबलावर आहे. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते. माणसं उंच होत नाहीत आणि कपडेवाले लांब शिवायचं सोडत नाहीत, तोवर माझं काम संपत नाही.

चिरंजीवांना आशीर्वाद.

ठकीची आई


२ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

जमली! तिसऱ्या खेपेला जमली. बारीक गॅसवर उभं राहायचं हेच मला जमत नव्हतं. पाणी वर चढायला आपला वेळ घेतं, आपण फक्त तिथे असायचं. इतकी वर्षं कोणी ‘लिफ्ट अडकली’ म्हणून ओरडलं की मी पान्हा घेऊन पळायचो. नुसतं बघत उभं राहणं हे काम आहे असं कोणी शिकवलंच नाही.

पहिला चांगला कप मी एकट्याने खिडकीत उभं राहून प्यायलो. दुसरा ओट्यावर तसाच राहिला. भांडं दोन कपांचं आहे, एकाचीच करू म्हटलं तर नीट होत नाही. शेवटी चिरंजीव बांधकामावरून आले तेव्हा गार कॉफी त्यांच्यापुढे ठेवली. प्यायले. कप विसळून ठेवला. हल्ली आमच्याकडे ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढंच संभाषण होतं. दिवसभर तो त्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसून असतो, खाली आल्यावरही जणू वरच असतो.

तुमचं चित्र फार उपयोगी पडलं. उभा छेद काय, बाण काय! आणि दोन्ही बाजूंना ‘डा’ आणि ‘उ’ लिहून डावी-उजवी बाजू दाखवलीत तेही बरं केलंत. कॉफीच्या भांड्याला डावं-उजवं असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात अशी खूण फक्त सूनबाई करते. एक्स-रे काढणाऱ्यांची सवय, वाणसामानाच्या यादीवरसुद्धा करायची.

असो. तब्येतीला जपा. ती मजेत आहे हे वाचून बरं वाटलं.

आपला,
व्याही


१९ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

पकडलंत. चित्र माझं नाही, ठकीचं आहे.

ती कुठल्याही बदलीच्या गावी गेलेली नाही. एक डिसेंबरपासून माझ्याकडे आहे, मागच्या खोलीत. तुम्हाला काही कळू द्यायचं नाही असं माझ्याकडून वचन घेतलं होतं तिने. ‘बाबांना वाईट वाटेल.’ आता तुम्हीच शोधून काढलंत, म्हणजे वचन मोडलं असं मी समजत नाही.

सुट्टी वाढवत वाढवत ती घरी बसली आहे. बसली म्हणजे निजली आहे, भिंतीकडे तोंड करून. मी सकाळी दुकानात जाताना डबा झाकून ठेवते, संध्याकाळी तो तसाच उघडते. तुमचं पहिलं पत्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं, टेबलावर राहिलं होतं. मी भाजी निवडत होते आणि मागून फिस्स असा आवाज आला. बघते तर ही पत्र हातात घेऊन हसतेय. भिंतीवर पिचकारी उडाली तिथे. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग पेन मागितलं आणि चित्र काढायला बसली. व्हॉल्व्ह, गरम पाणी, सगळं तिने सांगितलं, मी फक्त लिहिलं. पँटीचं तेवढं माझं.

आता विचारते. राग मानू नका, किंवा माना. ऑक्टोबरमध्ये सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं, त्यानंतर काय झालं त्या घरात? तेव्हा मी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पलंगाला खिळलेली होते, येऊ शकले नाही. ती बोलत नाही. मी विचारलं की म्हणते, “आई, दमलेय गं.” दमलेय. मला काय, मी काय झोपाळ्यावर बसलेय? तुमच्या चिरंजीवांचा इतक्या दिवसांत एक फोन नाही. हा कसला माणूस? आमच्या ह्यांनी मला आयुष्यात दहा वेळा रडवलं असेल, पण आजारपणात पाठ नाही फिरवली कधी.

खरं काय ते लिहा. आडून आडून नको, माझ्यात आता तेवढं बळ नाही.

ठकीची आई


३ मार्च

विहीणबाई,

ती बदलीवर गेलेली नाही हे मला ती निघाली त्याच दिवशी कळलं होतं. बदलीवर जाणारा माणूस हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे कपडे एकदम नेत नाही. पण तिने सांगितलं आणि मी मान डोलावली. आमच्या घरात असंच चालतं.

त्या दिवशीचं लिहितो.

सकाळी नऊला ती म्हणाली, “बाबा, पोटात काही हलत नाहीये.” हॉस्पिटलमध्ये तिला केव्हाच एक्स-रेच्या मशीनपासून लांब टेबलाच्या कामावर बसवलं होतं, सगळं नीट चाललं होतं. मी रिक्षा आणली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “यांच्या मिस्टरांना बोलवा.” तेव्हाच मला कळलं. सूनबाई पलंगावरून म्हणाली, “बाबा, ह्यांना फोन करा. मला ते हवेत.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन केला. लागला. मी सांगितलं. बराच वेळ पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “बाबा, मी खाली येऊ शकत नाही.” मी म्हटलं, अरे शिडीने वीस मिनिटं लागतात ना, उतर. तो म्हणाला, “येऊ शकत नाही. तुम्ही आहात ना तिथे?” आणि फोन ठेवला.

मी आत गेलो. ती दाराकडेच बघत होती. मी म्हटलं, “फोन लागत नाहीये गं. उंचावर रेंज नसते.”

ती म्हणाली, “बरं.”

तो आला संध्याकाळी सहाला, पाळी संपल्यावर. तोवर सगळं झालं होतं.

चार दिवसांनी जेवताना तोच तिला म्हणाला, “बाबांचा फोन आला तेव्हा मी...” आणि थांबला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त एकदा. मी ताटात बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी चार वाजता नेहमीसारखी कॉफी केली, माझा कप माझ्यापुढे ठेवला. महिनाभर रोज ठेवला. शब्द नाही. विहीणबाई, ती कॉफी कशी घशाखाली गेली ते माझं मला माहीत.

तेव्हा ती कोणामुळे गेली असं विचाराल तर माझं उत्तर हे आहे. मुलगा चुकला, त्याचं तो निस्तरेल. पण तिच्याशी खोटं मी बोललो. त्या घडीला तिला खरं सांगायला हवं होतं, निदान तिला कोणावर रागवायचं ते तरी कळलं असतं. हे पत्र तिला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माफीसाठी लिहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

व्याही


११ एप्रिल

व्याहीबुवा, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. खरं सांगायचं तर दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. पहिल्यात तुम्हाला नको नको ते बोलले होते. दुसऱ्यात तुमच्या मुलाला. दोन्ही लिहून झाल्यावर इतकी गळून गेले की पाकिटाला तिकीट लावायलाही उठवेना.

मग परवा सुट्टीच्या दिवशी तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. म्हटलं, वाच आणि काय ते ठरव, मी मध्ये पडून थकले.

तिने दोनदा वाचलं. मग काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते.

“आई, मला तेव्हाच माहीत होतं. बाबांना वाटतं ते हळू बोलतात. अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं होतं. ‘अरे ती तुझी वाट बघतेय, उतर खाली, पाया पडतो तुझ्या’ असं म्हणत होते. शेजारच्या पलंगावरची बाई माझ्याकडे बघायला लागली. मग ते आत आले आणि म्हणाले फोन लागत नाही. चष्मा काढून पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? त्यांना तेवढंच जमत होतं, आणि मला तेवढं त्यांच्यासाठी जमत होतं.”

मी विचारलं, मग महिनाभर बोलली का नाहीस त्यांच्याशी? तर म्हणाली, “तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि मी रडले असते तर बाबा पडले असते. म्हणून कॉफी करायचे.”

म्हणजे ऐका. ती तुमच्या खोटेपणामुळे गेलेली नाही. ती म्हणते, त्या घरात तीन माणसं एकमेकांना लागू नये म्हणून पाय वाजू न देता चालत होती. तिला त्या चालण्याचा शीण आला. नवरा रोज तिच्या शेजारी बसायचा, हातात हात घ्यायचा नाही, सोडून उठायचाही नाही. “तो ओरडला असता तरी चाललं असतं, आई.”

तिने ठरवलं आहे. वेगळं व्हायचं. भांडण नाही, तक्रार नाही. मेपासून इथल्या हॉस्पिटलात एक्स-रेच्या खोलीत रुजू होतेय. मी समजावलं नाही. पूर्वीची मी असते तर समजावलं असतं.

पुढच्या रविवारी, वीस तारखेला, सामान न्यायला ती तुमच्याकडे येईल, अकराच्या बसने. चिरंजीव त्या वेळी घरात नसावेत एवढीच तिची विनंती आहे. जेवणाखाण्याची खटपट करू नका.

ठकीची आई


२१ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

ती सुखरूप पोचली असेलच. पण तिने तुम्हाला काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. मी माझ्या बाजूचं लिहितो.

सकाळी चिरंजीवांना म्हटलं, आज सहापर्यंत घरी येऊ नकोस. त्याने का असं विचारलं नाही. चपला घातल्या आणि गेला.

ती आली. वाळली आहे. दारात थांबून म्हणाली, “येऊ ना बाबा?” मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? कॉफीची तयारी करून ठेवली होती. ती ओट्याशी उभी राहून बघत होती, मी परीक्षेला बसल्यासारखा. एक घोट घेतला आणि म्हणाली, “बाबा, ही माझ्यापेक्षा चांगली झालीय.” मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. म्हणाली, “या घरात शिकले.” मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं. तिने मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तिच्या तोंडून तुमच्या पत्रातलंच सगळं पुन्हा ऐकलं. मोठ्याने सांगत होती, मला ऐकू जावं म्हणून.

मग ती आतल्या खोलीत सामान बांधायला गेली. अर्ध्या तासाने काहीच हालचाल जाणवेना म्हणून डोकावलो. पलंगावर आडवी झाली होती, एक पाय खाली, हातात घडी केलेला सदरा. गाढ झोपली होती. मी पाय उचलून वर ठेवला, पंखा लावला, दार ओढून घेतलं. दोनची बस गेली. चारची गेली. उठवलं नाही. म्हटलं, बसेस काय, येतात जातात. असा झोपलेला माणूस रोज बघायला मिळत नाही.

पाचला खाली जिन्यावर चिरंजीव दिसले. तासभर आधीच आला होता. मी बाहेर येऊन दारात उभा राहिलो. म्हटलं, “आत जायचं नाही. ती झोपली आहे.” तो पायरीवर बसला. मीही बसलो.

चपलेचा पट्टा ओढत तो म्हणाला, “बाबा, त्या दिवशी मी काम करत नव्हतो.”

मी म्हटलं, मोठ्याने बोल.

“तुमचा फोन आला आणि मी क्रेन बंद केली. फोन चालू होता, तसाच उतरायला निघालो. शिडीवर पाय ठेवला आणि पाय माझे राहिलेच नाहीत. तेरा वर्षं उतरतोय, कधी असं झालं नाही. केबिनमध्ये परत येऊन बसलो. खालून सगळे ओरडत होते. संध्याकाळी दोन माणसं वर आली आणि मला दोराने बांधून उतरवलं, लहान पोरासारखं.”

“हे तिला सांगितलंस?”

“नाही.”

“मला?”

“काय सांगायचं? तिचं तिकडे ते चाललेलं आणि मी सांगू, मला भीती वाटली?”

विहीणबाई, त्याच्यानंतर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच शिडीने वर गेला. रोज जातो. कसा जातो ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, ऊठ. ती जागी झाली की हे तिला सांग. ती राहावी म्हणून नाही. ती जाणार आहे, आणि तिने जावं. पण तुझ्याकडचं तिला मिळालं पाहिजे. तेवढं तिचं आहे.

सहाच्या सुमाराला तिने दार उघडलं. गालावर उशीची वळ्यावळ्यांची खूण. त्याला पाहिलं, जागच्या जागी थांबली, मग बाजूला झाली. तो आत गेला. मी पायरीवरच बसून राहिलो. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दारापलीकडचं मला ऐकू येत नाही, आणि पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं नाही.

सातच्या बसला तो तिला सोडायला गेला. खोकं त्याने उचललं, पिशवी तिने. दोघांच्या मधून तिसरा माणूस आरामात गेला असता एवढं अंतर ठेवून चालत होते, पण पावलं एका वेगाने पडत होती. मी खिडकीतून पाहिलं. तो एकटाच परत आला, तोंड धुतलं, आणि न जेवता झोपला. आज पाळीवर गेलेला नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

व्याही


१२ मे

व्याहीबुवा, नमस्कार.

ती त्या रविवारी घरी आली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि काही न बोलता झोपली. मीही विचारलं नाही. ड्यूटी सुरू झाली आहे. सकाळी डबा घेऊन जाते, रिकामा आणते. सह्यांचे कागद दोघांनी मिळून करायचे ठरवलं आहे, पुढच्या महिन्यात. तुमच्या मुलाचा फोन आला होता. मला म्हणाला, “आई, मी क्रेन सोडली. खालचं काम मागितलंय.” मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं की त्याला आशीर्वाद द्यायचा राहिला.

काल एक झालं ते सांगण्यासाठी हे पत्र.

दुपारी मी मशीनवर होते, ती शेजारी दोरे गुंडाळत बसली होती. एकदम म्हणाली, “आई, तिला केस होते. काळेभोर, कानापर्यंत.”

मी मशीन थांबवलं. व्याहीबुवा, सात महिने झाले, मी ‘बाळ गेलं, बाळ गेलं’ म्हणत होते आणि मुलगी होती की मुलगा हे विचारायची मला हिंमत झाली नव्हती. तिनेही सांगितलं नव्हतं. एवढं बोलून ती पुन्हा दोरे गुंडाळायला लागली. तिने अर्धवट गुंगीत पाहिलं म्हणे, जास्त आठवत नाही.

तिला पुढे विचारवत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही तिथे होतात. तुम्ही पाहिलं होतं का तिला?

ठकीची आई


१७ मे

विहीणबाई,

हो. पाहिलं होतं.

नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आजोबा, घेता का थोडा वेळ? नाही म्हणालात तरी चालेल.” मी घेतलं. खुर्ची नव्हती, व्हरांड्याच्या कोपऱ्यात खिडकीशी उभा राहिलो. हिरवट फडक्यात गुंडाळली होती. वजन असं काही जाणवलं नाही, ऊब मात्र होती, ती माझीच असेल. कपाळ रुंद होतं, तुमच्यासारखं. नाक आमच्याकडचं, बसकं. डाव्या हाताची मूठ बाहेर आली होती. मी एक बोट लावून पाहिलं, नखं पूर्ण झालेली होती. केस सूनबाई म्हणते तसेच, ओले आणि दाट. मी दहा मिनिटं उभा होतो. तिला म्हटलं, मी तुझा आजोबा. हळूच म्हटलं होतं, पण आता कळलं की तेही सगळ्यांनी ऐकलं असणार.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर काल संध्याकाळी चिरंजीवांना समोर बसवलं आणि सांगितलं. त्याने तिला पाहिलंच नव्हतं. तो आला तोवर नेलं होतं. कपाळ, नाक, मूठ, नखं, सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं.

व्याही